नोकरी गेली, खोली रंगली

नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतली नोकरी गेली आणि लगेच हिला सातवा लागला. "आता वेळच वेळ आहे, तर बाळाची खोली तरी करून घे," आई म्हणाली. टोमणा नव्हता, पण लागला.

खोली म्हणजे सिडकोतल्या आमच्या घराची मागची दहा बाय आठ. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, घासकागद मारला. हिला तोवर समोरच्या काकूंकडे बसवलं. ती धूळ आणि रंगाचा वास गरोदर बाईला नकोच. रंग बिनशिशाचा घेतला, तिथे काटकसर नाही. घासत असलो की डोकं शांत असतं. हात थांबले की घराचा हप्ता आठवतो.

आईने जुन्या सुती नऊवारीची लंगोटं आणि दुपटी शिवली. पाळणा मात्र आणला नाही. जन्माआधी रिकामा पाळणा घरात आणू नये म्हणतात. एरवी मी वाद घातला असता; सध्या ही रूढी मला एकदम पटली आहे! बारशाला मामाकडचा सागवानी येईल.

ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचाही अर्ज भरलाय. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला अटी बसल्या तर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त 90 दिवस, तीही आयुष्यात एकदाच. हप्ता निघणार नाही, किराणा निघेल.

सोमवारी सातपूरला मुलाखत आहे. त्याआधी रंगाचा दुसरा हात मारून टाकतो.