पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा

संबंधाच्या वेळी जळजळ होते, दुखतं. 'वय झालं' म्हणून बऱ्याच जणी गप्प बसतात. उगाच! इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक (हार्मोन) घटल्यानं योनीचं अस्तर पातळ, कोरडं पडतं, आणि यावर चांगला उपचार आहे.

ल्युब्रिकंट (घसरण देणारं) जेल संबंधापुरतं. योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून 2-3 वेळा. जेलऐवजी खोबरेल तेल लावलं, तर लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम: साधारण अर्धा ग्रॅम, रोज रात्री अ‍ॅप्लिकेटरनं आत, 2-3 आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. गाडी अडते ती इथेच. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब कपाटात जाते. पूर्ण गुण यायला 12 आठवडेही लागतात, आणि क्रीम सोडलं की त्रास बहुधा परततो. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर आधी तपासणी, मग क्रीम.