सरव्याला गेले होते

सलाम. गेल्या शनिवारी मी सरव्याला गेले होते. इंग्लंडमध्ये, सफोक परगण्यात, कांद्याच्या शेतात.

राहुरीकडच्या माणसाला सरवा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भुईमूग काढून नेला की मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या, गहू उचलला की पडलेल्या ओंब्या वेचायच्या. माझ्या आजीनं आणि आईनं हे पोटासाठी केलंय. मी मात्र चर्चच्या शब्बाथ शाळेत बायबलमधल्या रूथची, परक्या शेतात सरवा वेचणाऱ्या बाईची, गोष्ट तोंडपाठ म्हणून बक्षीस घेतलं, पण सरव्याला कधी गेले नाही. तो योग सातासमुद्रापार आला.

इथं आमच्या चर्चच्या मंडळीतली दहा-बाराजणं हंगामात शेतकऱ्याला विचारून शेतात जातात. यंत्रानं कांदा उचलून नेलेला असतो. मागं राहते ती गोल्टी म्हणजे बारका कांदा, जोडकांदा, पात्याचा घाव लागलेला माल. बाजाराला ठराविक मापाचा, एकसारखा कांदा लागतो, त्यामुळे हा कुणी विकत घेत नाही. आम्ही तो जाळीच्या पिशव्यांत भरून गरजूंना शिधा वाटणाऱ्या केंद्रांवर पोचवतो. सकाळी माती इतकी गार होती की बोटांची जाणीव गेली. पण एक कांदा चोळून पाचोळा काढला, आणि तो वास! डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानं की घराच्या आठवणीनं, सांगता येणार नाही.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आज्ञा आहे: शेताच्या कडेचं पीक झाडून कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. लहानपणापासून ऐकलेलं हे वचन इथं आल्यावर मला वेगळं दिसायला लागलं. त्यात ‘द्या’ असं म्हटलेलं नाही, ‘राहू द्या’ म्हटलंय. देणारा हात वर असतो, घेणारा खाली. राहू दिलेल्या पिकात तसं काही नसतं. मालकानं तिथं परत जायचं नाही, एवढंच त्याचं काम. रूथ परकी, मवाबी, वर विधवा. तिनं दिवसभर राबून एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू घरी नेला, तो स्वतःच्या कष्टाचा म्हणून. शेताचा मालक बवाज, त्यानं तर गड्यांना सांगितलं होतं, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गळू द्या आणि तिला बोलू नका.

याच सफोकमध्ये टिमवर्थ नावाचं खेडं आहे. तिथं मेरी हौटन नावाच्या बाईनं सरवा वेचला म्हणून जेम्स स्टील या शेतकऱ्यानं खटला भरला. 1788 साली निकाल लागला: सरवा हा कायद्यानं गरिबाचा हक्क नाही. न्यायमूर्ती गूल्ड यांनी मोशेच्या नियमशास्त्राचा, म्हणजे बायबलमधल्या याच आज्ञांचा, आधार घेऊन वेगळं मत दिलं, पण ते एकटे पडले. मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड लफबरो यांचं म्हणणं असं की गरिबाला साहाय्य करणं हे धर्माचं कर्तव्य आहे, कायद्याचं बंधन नव्हे. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. न्यायालयानं चेंडू आपल्या अंगणात टाकलाय, सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ तो तिथंच आहे.

माझ्याकडे शेत नाही, पगार आहे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, आम्ही आधीपासून काढतो, पण दशांशाची पावती मिळते, नाव लागतं. म्हणून नवरा आणि मी दोन वर्षांपूर्वी पगाराचीही एक कड ठेवायची असं ठरवलं. ती गावी शिकणाऱ्या दोन मुलांकडे जाते. सुरुवातीला मी दर महिन्याला हिशेब मागायचे. फी किती, वह्या किती, मोबाइल कशाला घेतला? बवाजनं रूथला असं काहीच विचारलं नव्हतं, हे एका रविवारी उपासनेत बसले असताना मनाला लागलं. तेव्हापासून हिशेब बंद केला. सोपं नाही. अजूनही जीभ शिवशिवते, आणि तेवढ्यासाठी रोज प्रार्थना करावी लागते.

शनिवारी संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, “आई, आज मी सरव्याला गेले होते.”

पलीकडे एकदम शांतता. मग दबक्या आवाजात, “का गं? काही अडचण आहे का? जावईबापूंची नोकरी...”

मी सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “आम्ही जायचो ना, तेव्हा काही मालक आमच्या आधी पुन्हा एकदा गडी फिरवायचे. उरलंसुरलं पण न्यायचे. एकजण होता, तो बांधाकडची एक सरी उभीच ठेवायचा. आम्ही आल्यावर तोंड फिरवून विहिरीकडं जायचा.” थोडं थांबून तिनं विचारलं, “तुमच्या त्या शेतकऱ्यानं ठेवला होता का गं कांदा, की नुसता मशीनकडून राहिला?”

“मशीनकडून राहिला, आई.”

“हं,” ती म्हणाली. “बरं, जेवलीस का?”