शेरा: बेअरिंग दिसले नाही

कोकणातल्या एका खाडीपुलाची तपासणी होती. ओहोटी साधून होडीने खांब गाठायचा, शिडी लावून त्याच्या माथ्यावरच्या पिअर कॅपवर चढायचं आणि गर्डरखालची, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईखालची बेअरिंग बघायची. बेअरिंग म्हणजे तुळईचा भार झेलणाऱ्या रबरी गाद्या. लोकांना पूल म्हणजे वरचे खड्डे आणि कठडे एवढंच दिसतं. त्याची खरी दुखणी खाली असतात.

वर चढलो तर कॅप आणि गर्डर यांच्यात जेमतेम तळहात सरकेल एवढी फट. वरच्या रस्त्याच्या दोन भागांमधल्या सांध्यातून, एक्स्पान्शन जॉइंटमधून, गळलेली माती, पारव्यांची घरटी, ओला चिखल, सगळं आत घट्ट बसलेलं. सळीने उकरून कडेचं बेअरिंग मोकळं केलं आणि काठीला मोबाइल बांधून आत सरकवला. रबर फुगलं होतं, एका कोपऱ्यात फाटून आतली पोलादी पट्टी गंजलेली दिसत होती. मधल्या बेअरिंगपर्यंत काठी पोचलीच नाही.

आपल्याकडे असे पूल शंभर वर्षांचं आयुष्य धरून बांधतात. रबरी बेअरिंग तेवढी टिकत नाहीत, कधीतरी गर्डर जॅकने उचलून ती बदलावी लागणार, हे नकाशा काढणाऱ्याला पहिल्या दिवशीच माहीत असतं. तरी जॅकला जागा नाही! खांब वीत-दीड वीत खाली संपवून बेअरिंगखालचा काँक्रीटचा ठोकळा, पेडेस्टल, तेवढाच उंच केला असता, तर रस्त्याची पातळीही बदलली नसती आणि काँक्रीटही फारसं वाढलं नसतं. आता जॅक टेकवायलाच खांबाला लोखंडी ब्रॅकेट जखडावे लागतील, तेही भरती-ओहोटी सांभाळत. बांधणाऱ्याचं बिल निघून गेलं की हा खर्च कुणाच्याच हिशेबात राहत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

अहवालात मी ‘बेअरिंग दिसले नाही’ असा शेरा मारला. साहेब म्हणाले, “रकान्यात समाधानकारक किंवा असमाधानकारक, काहीतरी एक लिहा. दिसलं नाही म्हणजे काय?”

मला गोव्यातला मांडवीचा पूल आठवला. १९७० साली वाहतूक सुरू झाली आणि ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. काँक्रीटच्या पोटातल्या पोलादी केबल गंजल्या होत्या. न दिसलेल्या गोष्टीला समाधानकारक कसं म्हणायचं?

शेरा मी बदललेला नाही. अहवाल अजून त्यांच्या टेबलावर आहे. मधल्या काळात दुसऱ्या एका खाडीपुलाचे नकाशे आमच्याकडे तपासायला आले. त्यात जॅकची जागा आखून दिली, पेडेस्टल वाढवलं, कॅपवर उतरायला कायमची शिडी दाखवली. पेडेस्टल मान्य झालं. शिडी मात्र अंदाजपत्रकातून कापली गेली, म्हणून काल पुन्हा पत्र लिहिलं.