टाचदुखी आणि मुरगळलेला घोटा: आराम झाला, पुढे काय?

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली आतल्या बाजूला खिळा टोचल्यासारखी कळ येते. दहा-बारा पावलं चाललं की ती ओसरते आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. एवढं जुळत असेल तर बहुतेक वेळा ते प्लान्टर फॅसिआयटिस असतं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला ताणून धरणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं. त्यासाठी सहसा एक्स-रे लागत नाही. काढलाच तर हाडाचं टोक वाढलेलं दिसू शकतं आणि मग "हाड वाढलंय" ही धास्ती मनात बसते. असं टोक टाच कधीच न दुखलेल्या अनेकांनाही असतं. ते कापून काढायच्या मागे लागू नका.

एक तपासणी घरी करता येते. दोन्ही तळहातांनी टाच डावी-उजवीकडून दाबा. खालून दाबण्यापेक्षा असं दाबल्यावर जास्त दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते आणि व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावं लागतं. जळजळ आणि मुंग्या असतील तर नस दबल्याचा विचार करावा लागतो.

इलाजाची सुरुवात पलंगावरच, पहिलं पाऊल टाकण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, पाचही बोटं हाताने नडगीच्या दिशेने ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा. पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. 10 सेकंद धरा, 10 वेळा करा, दिवसातून तीनदा. अनेकजण फक्त अंगठा ओढतात किंवा चालून आल्यावर करतात. तेव्हा पट्टा आधीच सैल झालेला असतो, त्यामुळे सकाळच्या कळेला फारसा फायदा होत नाही.

ताणाने आराम पडतो, ताकद मात्र भाराने येते. पायरीच्या कडेवर चवडा ठेवा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घाला म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. कठडा धरून एका पायावर 3 सेकंदांत टाच वर न्या, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली आणा. 12 वेळा, असे तीन संच, दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. बारावी खेप सोपी जायला लागली की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवा आणि खेपा कमी करा. घाईने हिसका दिल्यासारखं वर-खाली केलं तर सगळा व्यायाम वाया जातो. करताना थोडं दुखलं तर चालतं. मोजायचं ते दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल. ते आधीपेक्षा जास्त दुखलं तर वजन उतरवा. ठळक फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि पंधरा दिवसांत कंटाळून सोडणारेच जास्त. घरात कडक फरशीवर अनवाणी फिरणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण ते वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

आता मुरगळलेला घोटा. पाय आत वळून बाहेरचा घोटा सुजला की पहिला प्रश्न फ्रॅक्चरचा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत दाबून पाहा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या रेषेत मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं हाड दाबा. यांपैकी कुठेही नेमकं हाडावर दुखलं किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. सूज किती आहे यावरून काही ठरत नाही.

पहिले दोन-तीन दिवस तेल लावून चोळू नका, शेक देऊ नका. आत रक्तस्राव चालू असतो, तो वाढतो. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करा, पाऊल काटकोनात ठेवून घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येऊ द्या. खाली थोडं घट्ट, वर सैल. उलटं झालं तर बोटं सुजतात. अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत रंग परत आला नाही तर बँडेज सोडून पुन्हा बांधा.

खरी चूक पुढे होते. सूज उतरली, चालता आलं, म्हणजे झालं असं वाटतं. लिगामेंटसोबत (हाडांना जोडून धरणाऱ्या पट्ट्यासोबत) सांध्याचं भान, म्हणजे पाऊल कसं वळलंय हे न बघता कळणं, तेही बिघडलेलं असतं, म्हणून तोच घोटा परत परत मुरगळतो. दुखणं आवाक्यात आल्यावर रोज एका पायावर 30 सेकंद उभं राहा, मग भिंतीजवळ डोळे मिटून, मग उशीवर. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर ढकलण्याचे 15-15 चे तीन संच जोडा. खेळाडूंनी परतल्यावर काही महिने नाडीने बांधायचा ब्रेस (घोट्याचा आधारपट्टा) वापरावा.

पोटरीच्या खाली फटकन काहीतरी तुटल्यासारखं झालं, तर नुसतं मुरगळलंय असं समजू नका. पालथं झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हललं नाही, तर पोटरीला टाचेशी जोडणारा टाचेमागचा जाड दोर (अकिलीस टेंडन) तुटलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर.

बाकीचं थोडक्यात. नख सरळ कापा, कोपरे खोलवर कोरू नका. कुरूप हे दाबाने होतं. बूट तोच राहिला तर ते परत येणारच. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांवर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज थांबते आणि बुरशी पसरते.

मधुमेह असेल तर कुरपाचे प्लास्टर आणि घरचं ब्लेड दोन्ही वर्ज्य. पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेलं झालं आणि फारसं दुखत नसेल, तर त्यावर भार टाकणं तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. संवेदना कमी झालेल्या पायात आतली हाडं मोडत असली तरी कळ येत नाही, आणि चालत राहिलं की पावलाचा आकारच बदलतो.