पायांची हकीकत

भाद्रपदातल्या एका उकाड्याच्या दुपारी मी गच्चीच्या जिन्यात, त्यातल्या त्यात सावलीच्या पायरीवर बसून पायाची नखे कापत होतो. उजव्या अंगठ्याचे नख गेल्या कोजागरीला काळेनिळे झाले होते. आता खालून नवे नख सरकत आले आहे आणि काळ्याची टोकाला फक्त एक कोर उरली आहे. अंगठ्याचे नख मुळापासून पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते, त्यामुळे एका कोजागरीची खूण दुसरी कोजागरी येईपर्यंत अंगावर राहते. शेजारचा मुलगा वाळलेले कपडे काढायला वर आला होता. त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहून विचारले, "काका, हे काय झालं?" मी म्हणालो, "तुळजापूर." सोलापुरात एवढे उत्तर पुरते. मात्र तो हातातल्या चादरीची घडी घालत तिथेच रेंगाळला आणि म्हणाला, "या वर्षी मलापण यायचंय. कसं असतं, सांगा की."

मी तोंड उघडले आणि बाहेर पडले ते असे की, पायमोजे दोन घाल, आतला पातळ घे आणि तो उलटा घाल, म्हणजे शिवण बोटांना टोचत नाही.

तो नम्रपणे हसला आणि कपडे घेऊन खाली गेला. त्याला बहुधा चांदणे हवे होते. चांदणे असतेच. आश्विनी पौर्णिमेची रात्र असते, दसऱ्यानंतर निद्रेसाठी पलंगावर गेलेली देवी त्या पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, सोलापूरहून देवीच्या मानाच्या काठ्या निघतात, आणि सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात हात जोडून शहराबाहेर पडलेली माणसे पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता रात्रभर भरून चालत असतात. वाहने दुसऱ्या मार्गाने वळवलेली असतात, त्यामुळे एरवी ज्या रस्त्यावर जीव मुठीत धरून कडेने जावे लागते त्याच्या मधोमध बायका, मुले, म्हातारी माणसे निवांत चाललेली दिसतात. मध्येच मागून कोणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणतो आणि तो उदो माणसामाणसांतून पुढे जात जात ऐकू येईनासा होतो. हे सगळे मी त्या मुलाला सांगू शकलो असतो. सांगितले असते तर ते खरेही ठरले असते. पण ते त्याला रूपाभवानीपासून वाटेतल्या उळे गावापर्यंतसुद्धा उपयोगी पडले नसते.

लांबचे चालून आलेल्या माणसाला जे प्रश्न विचारले जातात त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. "किती तास लागले?" हा त्यातला पहिला. लागलेले तास सांगितले की विचारणारा मनातल्या मनात भागाकार करतो आणि आपला वेग काढून मोकळा होतो. अलीकडे तर तेवढेही कष्ट उरलेले नाहीत, कारण मनगटावरचे घड्याळ पावले मोजते आणि माणसे तुळजापूरच्या घाटात देवीच्या आधी घड्याळाकडे पाहतात. दुसरा प्रश्न "काय अनुभव आला?" हा. तो विचारताना समोरच्याच्या चेहऱ्यावर असे काही भक्तिभावाचे कुतूहल असते की केळी फार पिकलेली होती हे सांगायला जीभ वळत नाही. माणसे आपल्या पायावरच्या फोडांचे फोटो काढून दाखवतात, तेही मला आवडत नाही. फोड ही दाखवायची गोष्ट नाही. तो कुठे आला, कशाने आला आणि त्यावर काय केले, हे सांगायचे असते.

माझे बालपण गिरणी कामगारांच्या चाळीत गेले. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीच्या ओट्यावर तुळजापूरला चालत जाऊन आलेल्या बायका एका रांगेत पाय पसरून बसत. कोणी मिठाच्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडलेले असत, कोणी हळद घालून कोमट केलेले तेल घोट्यांना चोळत असे, आणि आम्ही मुले प्रसादाच्या आशेने त्यांच्या भोवती घुटमळत असू. त्यांच्या मधोमध आजी बसलेली असे. तिच्या सांगण्यात मला आठवते तसे देवीचे वर्णन कधीच नसे. ती सांगे, "उळ्यापर्यंत काय वाटलं नाही बघ. तामलवाडीला टाच बोलायला लागली." मग टाचेने पुढे काय काय म्हटले ते सविस्तर येई. कोणत्या विहिरीवर पाणी गोड लागले, कोणत्या वस्तीवरच्या बाईने विचारायच्या आत तांब्या पुढे केला, माळुंब्र्याच्या पुढे कोणत्या चिंचेखाली बसू नये कारण तिथे मुंगळे आहेत, हे सगळे ती इतक्या बारकाईने सांगे की मी कधीही न पाहिलेला तो रस्ता मला पाण्याच्या ठिकाणांसकट पाठ झाला होता. ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्या स्वतः तोच रस्ता त्याच रात्री चालून आलेल्या असत. तरीही त्या ऐकत, आणि मध्येच एखादी म्हणे, "मुंगळे नव्हते गं या वर्षी."

फोड आला की आजी सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार नेई आणि दोरा तसाच ठेवून दोन्ही टोके कापून टाकी, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहते आणि वरची कातडी शाबूत राहते. आजचे डॉक्टर याला कडाडून विरोध करतात, कारण तोच दोरा जंतूंना आत जायची वाट करून देतो. त्यांचे बरोबर आहे आणि मी ते पाळतो. ओलसर पाय पायमोज्यात घासत राहिला की कातडीचे थर एकमेकांवर सरकतात आणि मधल्या फटीत पाणी भरते, एवढाच तो प्रकार असतो. म्हणून पाय कोरडा ठेवणे आणि घासण्याच्या जागी आधीच व्हॅसलीन लावणे हे दोऱ्यापेक्षा बरे. (नवी चप्पल घालून निघणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांना उळ्यालाच समजते.)

ओट्यावरच्या त्या बायकांची आठवण मला एका भलत्याच ठिकाणी झाली. अमेरिकेत अपलाचियन पर्वतरांगेतून जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी साधारण साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती एका दमात सबंध चालून गेल्याचे पहिल्यांदा सांगितले ते अर्ल शॅफर या माणसाने, 1948 मध्ये. महायुद्धातून परतलेला हा गडी. पायवाटेची देखभाल करणाऱ्या मंडळींना आधी त्याचे खरेच वाटेना. मग त्याने रोजनिशी आणि वाटेत काढलेली छायाचित्रे पुढे ठेवली तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. त्यानंतर 1955 मध्ये एमा गेटवुड नावाची सदुसष्ट वर्षांची बाई एकटीने ती वाट चालली. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. घरी तिने एवढेच सांगितले होते की जरा चालून येते. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. या वाटेविषयी तिने एका मासिकात वाचले होते आणि त्या लेखावरून तिचा असा समज झाला होता की हे सगळे फार रमणीय आणि सोपे आहे. प्रत्यक्षात वाट कशी निघाली हे सांगताना तिने जी तक्रार केली ती मला तोंडपाठ झाली आहे. तिचे म्हणणे असे होते की ही वाट आखणारे लोक कुठल्याशा वेडापायी माणसाला नेमके सगळ्यांत मोठ्या खडकावरून, सापडेल त्या सगळ्यांत उंच डोंगराच्या माथ्यावर नेतात. आमच्या ओट्यावर ही बाई सहज खपून गेली असती. कोणीतरी तिच्यापुढे घमेले सरकवले असते.

मासिकवाल्याने काही खोटे लिहिले असेल असे मला वाटत नाही. डोंगर रमणीयच असणार. पण त्याच्या लेखात खडक आले नाहीत, आणि चालणाऱ्याला वाट कळते ती खडकांवरून. त्या पायवाटेवर ठिकठिकाणी लाकडी आडोसे बांधलेले आहेत आणि त्यांत एकेक वही ठेवलेली असते. मुक्काम करून पुढे जाणारे लोक तीत लिहून ठेवतात आणि मागून येणारे वाचतात. तसल्या वहीत पुढचा झरा आटला आहे असे कोणी लिहिले असेल, तर तहानलेल्या माणसासाठी त्याहून मोलाचे वाक्य नाही. तुळजापूरच्या रस्त्यावर वही नाही, पण पुढे गेलेली आणि कोणाची तरी वाट पाहत कडेला बसलेली माणसे असतात आणि ती विचारायच्या आधीच सांगतात की पुढच्या मंडपात चहा संपला आहे, त्याच्या पुढच्या मंडपात जा, तिथे मलमही चोळून देतात.

याच रस्त्याने आषाढात शेगावहून गजानन महाराजांची पालखी उलट्या दिशेने सोलापुरात येते. त्या वेळी आम्ही घरी बसलेले असतो आणि चालून आलेले दुसरेच असतात. विदर्भातून शेकडो किलोमीटर चाललेल्या त्या माणसांना कोणी अनुभव विचारत नाही, निदान मी तरी ऐकलेले नाही. त्यांचे पाय चोळून दिले जातात, चपला शिवून दिल्या जातात, दाढी करून दिली जाते. एकदा आमच्याकडे जेवायला आलेल्या एका वारकरी आजोबांना माझ्या मुलाने उत्साहाने विचारले होते की आजोबा, वाटेत काय काय पाहिले. आजोबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पुढच्याची टाच."

ते विनोदाने म्हणाले असतील. पण दिंडीत पाहण्यासारखे दुसरे असते काय? टाळांच्या लयीत पुढच्याची टाच उचलली जाते तेव्हा आपली पडते, आणि एरवी ज्यांच्याशी आपण दोन शब्द बोललो नसतो त्यांची चाल आपल्याला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ओळखीची होते.

लांबच्या चालण्यात खरे सांगणे होते ते चालतानाच. एकमेकांसमोर बसून माणसे जे बोलत नाहीत ते शेजारी चालताना बोलतात, याचे कारण मला वाटते एवढेच असावे की शेजारी चालताना तोंडाकडे पाहावे लागत नाही. डोळे रस्त्यावर असतात. गप्प बसले तरी अवघडल्यासारखे होत नाही, कारण पाय चालू असतात आणि तेच काहीतरी करत आहोत असे दोघांनाही वाटत राहते. त्यातून रात्रीचे दोन-तीन वाजलेले असतील, तामलवाडी मागे पडून सोलापूर जिल्हा सुटलेला असेल आणि घाट अजून दूर असेल, तर त्या मधल्या पट्ट्यात बडबड करणारेही थकलेले असतात आणि जे बोलले जाते ते फार हळू आणि फार सरळ बोलले जाते. तरुणपणी मी ज्यांच्याबरोबर जात असे त्या मित्रांच्या घरच्या अडचणी, फसलेले व्यवहार, लग्न न जमण्याची खरी कारणे मला त्या पट्ट्यातच समजली. दुसऱ्या दिवशी बसने परत येताना त्यांतल्या कशाचाही उल्लेख कोणी करीत नसे, आणि चौकात भेटल्यावर तर नाहीच नाही.

मागे एका वर्षी माझ्याबरोबरचे लोक एका मंडपात रेंगाळले आणि मी पुढे निघालो. थोड्या वेळाने शेजारून चालणाऱ्या एका माणसाची आणि माझी चाल जुळली. बोलण्याची सुरुवात त्याने पाण्याची बाटली मागून केली. मग बराच वेळ काही नाही. नंतर तो आपल्या भावाविषयी बोलू लागला. शेताची वाटणी, सामाईक विहीर, एकाच वाड्यात दोन चुली, आणि आई गेली त्या दिवशी दोघे भाऊ तिरडीच्या दोन बाजूंना एकमेकांकडे न पाहता चालले होते, असे सगळे तो अगदी हिशेब सांगावा तसे सांगत गेला. देवीला काय मागणार आहे तेही त्याने सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही. मी काही सल्ला दिला नाही आणि त्यानेही तो मागितला नाही. घाट सुरू झाला तसा त्याला दम लागला, तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं," आणि मी पुढे झालो.

घरी आल्यावर बायकोने विचारले, "काय, कसं झालं चालणं?" तिला मी मंडपांचे, मलमाचे, पिकलेल्या केळ्यांचे सांगितले. भावाभावांचे सांगितले नाही. ती हकीकत माझी नव्हती आणि ती ऐकायला माणूस त्या रस्त्यावर, त्या वेळी, पाय दुखत असतानाच पाहिजे होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

त्याचे नाव मी विचारले नव्हते. चेहराही धड पाहिला नाही, पौर्णिमा असूनही. त्याच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तो त्याने सुतळीने बांधला होता, एवढे मात्र पक्के आठवते. तेव्हापासून दर कोजागरीला तामलवाडीच्या पुढे मी लोकांच्या पायांकडे पाहत चालतो. चप्पल त्याने एव्हाना बदलली असणार, त्यामुळे यात काही अर्थ नाही.