माशीला कानस लावण्याआधी

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकीच्या ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासायच्या आणि गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्यासाठी मी ५० कॅलिबरची लाँग रायफल घेतली. नवी कोरी, पण ५० यार्डांवर सहा इंच खाली आणि तीन इंच डावीकडे मारायची. यात बंदुकीचा दोष काहीच नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची पुढची साइट, बनवणारे मुद्दाम उंच ठेवतात. माशी उंच असली की मार खाली जातो, आणि ती घासून कमी करता येते; घासून गेलेला धातू मात्र परत चढवता येत नाही. म्हणून कानस सगळ्यात शेवटी.

आधी भरणा, म्हणजे एका बाराला किती दारू आणि कसली गोळी-कापड हे, ठरवला, आणि खरा वेळ यातच गेला. बंदुकीची दारू पाच-पाच ग्रेननी (दारू मोजायचं माप) वाढवत गेलो, कारण दारू बदलली की गोळीची उंचीही बदलते. भरणा ठरायच्या आत माशी घासली तर ते काम वाया. ०.४९० इंचाची शिशाची गोळी, ०.०१५ इंच जाडीच्या सुती कापडाची, गोळीभोवती बसणारी तेलावलेली चकती, आणि प्रत्येक बारानंतर नळीतून ओला फडका. हा फडका चुकवला तर काजळी साचते, पुढची गोळी गजाने दाबायला जड जाते आणि बार भरकटतात. उडालेल्या चकत्या मी समोरून वेचून आणायचो. कडा शाबूत आणि मधे काळा ठसा असेल तर भरणा बरोबर. भोकं पडलेली किंवा जळालेली असेल तर कापड बदलायचं. माझे बार ७० ग्रेनवर एकत्र आले, एका वाटीखाली झाकले जातील इतके.

चकमकीच्या बंदुकीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चाप ओढल्यावर आधी रंजक, म्हणजे बाहेरच्या भांड्यातली चिमूटभर दारू, पेटते, मग आतली दारू. तेवढ्या क्षणात नेम हलला तर त्याचा ठपका साइटवर ठेवून चालत नाही. धूर पाहेपर्यंत गाल दस्त्यावरून उचलायचा नाही.

मग हिशेब. माझ्या रायफलीवर मागच्या साइटची खाच आणि पुढची माशी यांत ३० इंच अंतर आहे. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच, साठपट. म्हणजे लक्ष्यावरच्या तीन इंचांसाठी साइटवर ०.०५ इंच, जेमतेम सव्वा मिलिमीटर. मार जिकडे न्यायचा तिकडे मागची साइट सरकवायची, म्हणजे माझ्यासाठी उजवीकडे. नळी रिकामी आहे हे गज घालून पाहिलं, बंदूक गादी लावलेल्या शिकंजात धरली, साइटच्या बुडापासून नळीवर पेन्सिलीची रेघ ओढली आणि पितळी पंच लावून हलक्या हातोडीने ठोकलं. पोलादी पंचाने खाच चेपते. पहिल्या एक-दोन ठोक्यांना साइट हलतच नाही आणि मग एकदम सुटते, रेघ त्यासाठीच.

उंचीला सहा इंच हवे होते, म्हणजे माशीतून ०.१ इंच काढायचा. तो एकदम काढला नाही. बारीक कानसेचे थोडे हात, वरची कड सपाट ठेवून, की पुन्हा तीन बार. इंचभर खाली उरलं तिथे थांबलो, कारण घासलेला माथा चकाकतो आणि डोळा फसवतो. ऊन उजवीकडून आलं तर माशीची उजळ कडच माशी वाटते आणि गोळी डावीकडे जाते. मेणबत्तीची काजळी धरून माथा काळा केला, आणि मगच उरलेला इंच घासला.

शेवटची तपासणी थंड, स्वच्छ नळीवर केली. हरणावर पहिलाच बार कामाचा असतो, आणि तो काजळी धरलेल्या नळीतल्या बारांपेक्षा वेगळा पडू शकतो. दर वेळी एकच गोळी झाडायची, बंदूक साफ करून घरी न्यायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी. हे बार इतरांपेक्षा किंचित वर पडले, पण हरणाच्या छातीच्या मापात सहज बसणारे. तेव्हा माशी तिथेच ठेवली आणि घासलेल्या जागेला गंज लागू नये म्हणून तेल लावलं.