होय, दिवा अजून लागूनच आहे

माझ्या गाडीत पुढच्या सीटवर जो बसतो त्याची नजर मीटरवर जाते, आणि मग प्रश्न येतोच. "काहून, हा इंजिनचा दिवा अजून लागूनच हाय? कुठं दाखवत काहून नाही?" दाखवला हो. आर्वीला दाखवला, वर्ध्याला दाखवला, नागपूरला एका चकचकीत वर्कशॉपमध्येही दाखवला. तिथं स्कॅनर लावून कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, पैसे घेतले, आणि गावी पोचायच्या आत दिवा पुन्हा हजर. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नाही, तक्रारीचा कागद फाडणं आहे. बिघाड तिथंच असला की कॉम्प्युटर स्वतःची तपासणी पुन्हा पूर्ण करतो आणि दिवा लावतो.

गाडी 2014ची, पेट्रोल. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट आहे. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घातला की मोबाईलवर कोड दिसतो. माझा कोड पी-0171, म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. हा कोड वाचून प्रत्येकानं पहिल्यांदा ऑक्सिजन सेन्सरकडं बोट दाखवलं. पण कोडवरचं नाव म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. वावर प्रत्यक्षात कोण वाहतो ते शेतात गेल्याशिवाय कळत नाही. सेन्सर बिचारा फक्त सांगतो की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो का जास्त आहे, हे त्याला माहीत नाही. तरी मी नवा सेन्सर टाकला, कारण सगळेच म्हणत होते. दिवा जागचा हलला नाही.

"इथेनॉलनं झालं," हे दुसरं उत्तर. 2023पासून पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं, तेव्हापासून पारावर प्रत्येक बिघाडाचं हे एकच निदान आहे. यात थोडं तथ्य आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. निव्वळ पेट्रोलला चौदा-पंधरा पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. फरक आठ-नऊ टक्क्यांचा. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, बावीस टक्के जादा पेट्रोल सोडत होता. उरलेलं कोण खातं, याचं उत्तर पारावर कोणाजवळच नव्हतं.

आता तो दिवस, ज्यावरून मला अजून ऐकावं लागतं.

मे महिना होता. आईच्या मोतीबिंदूची तारीख सेवाग्रामला होती. मागं आई आणि बहीण, पुढं भाऊजी. खरांगण्याच्या अलीकडं गाडी एकदम थरथरली, पिकअप गेला, आणि वर्षभर गुमान जळणारा तो दिवा मिचकायला लागला. मी गाडी बाजूला घेतली. तीही गवतावरून पुढं, मुरुमाच्या पट्ट्यावर. भाऊजी म्हणाले, "अरे, हा दिवा तं रोजचाच हाय ना! चाल, हळूहळू जाऊ." मी चावी काढली.

लागून राहिलेला दिवा आणि मिचकणारा दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिचकतो म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यात पेट्रोल पेटतच नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जातंय. ते कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं आणि तो डबा आतली सिरॅमिकची जाळी वितळेपर्यंत तापतो. मे महिन्यात वाळक्या गवताच्या वर असं लोखंड घेऊन मी उभा राहणार नव्हतो. बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलचा वायरचा प्लग काढून पाहिला. पहिला काढला, इंजिन आणखी अडखळलं. दुसरा काढला, तसंच. तिसरा काढला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. सापडली. पण जादा कॉइल गाडीत कोण ठेवतो?

आई निंबाखाली बसली. पदरानं वारा घेत होती. "मले काय होते सावलीत," एवढंच म्हणाली. भाऊजी फोन लावत राहिले, माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मागून एसटी आली, पण तारखेची वेळ टळली होती. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. घरात तेव्हापासून वाक्य ठरलेलं आहे: दिव्याला भिऊन यानं आईला उन्हात बसवलं.

हळूहळू नेली असती तर पोचलो असतो का? बहुधा पोचलो असतो. आर्वीच्या मिस्त्रीनं नंतर सांगितलं की त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचाही प्लग काढून गाडी उरलेल्या तीन सिलिंडरवरच आणता आली असती, म्हणजे पेट्रोलच गेलं नसतं. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी आईला मागं बसवून तो प्रयोग केला असता का, हे सांगता येत नाही. भाऊजींचा सवाल मात्र रास्त आहे: वर्षभर दिवा लावून फिरणारा माणूस त्याच दिवशी काहून थांबला? वर दिलंय तेच उत्तर मी प्रत्येक दिवाळीला देतो. पटत नाही.

पूर्वी मीच म्हणायचो, हा दिवा म्हणजे गिऱ्हाईक वर्कशॉपला ओढून आणायचा कंपन्यांचा धंदा आहे. नागपूरची ती पावती पाहिली की आजही तसंच वाटतं.

कॉइल बदलली, मिचकणं गेलं, पातळ मिश्रणाचा कोड राहिला. पुढं आकडे नीट पाहिले: जादा पेट्रोल आयडलिंगलाच लागतं, इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर रेस केलं की उतरतं. पंप कमजोर असता तर उलट झालं असतं. म्हणजे हवा कुठून तरी चोरून शिरतेय. इंजिनात हवा जाते त्या इनटेकच्या मागं एक रबरी पाइप बोटानं वाकवला तेव्हा खालच्या बाजूला नखभर चीर उघडली. सरळ असताना ती दिसतच नव्हती. पाइप बदलला, बावीसचे चौदा झाले. दिवा काही दिवस विझला, पुन्हा लागला.

आता संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडावरच्या गॅस्केटवर आहे. सेन्सरच्या आधी तिथून बाहेरची हवा ओढली जात असेल तर मिश्रण ठीक असूनही सेन्सर पातळच म्हणेल. थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक ऐकू येते, गरम झालं की थांबते. पण तिथले बोल्ट गंजलेत. एखादा हेडमध्येच, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, तुटला तर हेड उतरवावं लागेल. मिस्त्री म्हणतो, जाऊ द्या भाऊ, चालते तेवढी चालवा. बायको म्हणते विकून टाका. दोघांचंही मला पटतं. तरी कापूस विकला की गॅस्केट उघडायला लावणार आहे.